तवंदी घाटातला काळा रंग
अन्याय माझ्या आक्कावर झाला, आणि तो ऐन दसऱ्याच्या दुपारी, निपाणीजवळच्या तवंदी घाटात झाला. ताज्या काळ्या रंगाचा वास आला की मला तो उतार आठवतो. वडिलांची जुनी, दोनच सीटची स्पोर्ट्स कार आक्काच चालवायची. चाकाला धरून ठेवणारा लोअर आर्म गंजला होता, तो बदलला म्हणून बेळगावच्या गॅरेजवाल्यानं सांगितलं होतं. आदल्या दिवशी गाडीची खंडेनवमीची पूजाही त्यानंच केली होती. मी आक्काच्या शेजारच्या सीटवर होतो. उतारावर खालून कडाड आवाज आला आणि गाडी दरीकडं ओढू लागली. "घट्ट धर रं!" आक्का ओरडली आणि स्टिअरिंगवर सगळा भार टाकून तिनं गाडी कठड्याला घासत थांबवली. माणसं जमली. "बाईच्या हातात गाडी दिल्यावर दुसरं काय व्हनार?" कुणीतरी हसलं. फोन केल्यावर आलेला गॅरेजवालाही तिलाच म्हणाला, "आक्का, खड्ड्यात घातलासा जणू. नवा आर्म असा मोडत न्हाय." मी गाडीखाली सरपटत गेलो आणि मोडलेला आर्म किल्लीनं खरवडला. काळ्या रंगाचा पापुद्रा निघाला, आत नुसता गंजाचा भुगा. पूजेला गाडी चकचकीत करताना त्यानं जुनाच आर्म रंगवला होता. "सणाला सगळेच रंगवत्यात की," तो म्हणाला. हसणाऱ्यांपैकी एकानंही आक्काची माफी मागितली नाही. म्हणून तुम्हाला सांगतो, घाटात बंद गाडीजवळ बाई उभी दिसली, तर तोंड उघडण्याआधी खाली वाका आणि रंग खरवडून बघा.