वारुळाजवळची हिरवी भुकटी

केंदूरच्या माळावर कुणाला अळंबी सापडली की ती आधी साखरमामींच्या ओट्यावर येते. मामी ती हातात घेत नाहीत, कुठली आहे एवढंच विचारतात. वारुळाजवळची असली तर शिजवा, उकिरड्याजवळची असली तर टाका. त्यांनी जुळवलेल्या सोयरिकी टिकल्या, तसा हा शब्दही टिकला होता.

यंदा श्रावणात त्यांच्याच घरात सगळ्यांना उलट्या झाल्या. सलाईन लागलं, सगळे बरे होऊन परतले, पण सून अनुपमा काही दोषातून सुटली नाही. अळंबी तिनंच खुडली होती, तिनंच शिजवली होती. आपल्याच वारुळाजवळची होती, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. मामींना ते पटेना. सासरे हौसराव भावकीत सांगत फिरले, की कॅनॉलकाठच्या खुटबावची लेक, तिला माळावरचं काय कळतंय. मामींनी चूल स्वतःकडे घेतली. अनुपमाला मिठाच्या बरणीलाही हात लावू देईनात.

मी मामींचा भाचा, शेतकी कॉलेजात बुरशी शिकलेला. अनुपमावहिनींनी मला वारुळाजवळ नेलं. तिथं दोन तऱ्हेच्या छत्र्या होत्या. एकीचं लांब मूळ थेट वारुळात गेलेलं, दुसरी शेजारच्या गवतात वरवर उभी. दोन्हींची टोपणं पांढऱ्या कागदावर पालथी ठेवून वर वाट्या झाकल्या. सकाळी मामींसमोर वाट्या उचलल्या. एका कागदावर फिकट गुलाबी भुकटी पडली होती, दुसऱ्यावर हिरवट.

"ही हिरवी विषारी," मी म्हणालो. "वहिनींची जागा चुकली नव्हती."

मामींनी हिरवट भुकटीचा कागद जवळ ओढला. मग त्यांनी विचारलं, ती इथं आलीच कशी. मी सांगितलं, की भुकटीचा कण म्हणजे बी समजा, पण त्यातून निघालेला एकटा तंतू छत्री उगवू शकत नाही. मातीत त्याला त्याच वाणाचा, पण वेगळ्या कुळीचा दुसरा तंतू भेटावा लागतो.

"म्हंजी भावकीत सोयरीक न्हाई."

"नाही. आणि विष दोन्ही तंतूंकडून उतरतं. जागा बदलली म्हणून ते जात नाही."

गुरांनी तोंड घालू नये म्हणून मामी दरवर्षी विषारी छत्र्या उपटून उकिरड्यात टाकायच्या. यंदा वारुळाभोवती तेच खत पसरलं होतं. मी ठामपणे काही सांगू शकत नव्हतो, पण मामींनी स्वतःच ते जोडलं.

"ह्यांची गाठ म्याच घातली म्हणायची."

पुढच्या आठवड्यात शेजारच्या आक्काबाई पदरात अळंबी घेऊन आल्या. हौसराव ओट्यावर पेपर वाचत होते. मामींनी त्यांच्यादेखत सांगितलं, की जागेवरून मी आता काही सांगणार नाही, सुनेनं बरोबर जागेवरचीच आणली होती, माझंच सांगणं चुकीचं होतं.

"म्हंजी तुमचा शब्द गेला म्हणा की," आक्काबाई हसल्या.

"गेला. खड्डा करून पूर ती. उकिरड्यात नको टाकू."

हौसरावांनी पेपर आणखी वर धरला. मामींनी आत हाक मारली, "अनुपमा, भाजी तू टाक गं आज."

अनुपमा उंबऱ्यापर्यंत आली.

"कशाची टाकू?"

"तुला वाटंल त्याची."