माझ्या हातचा ध

माझी नोकरी एका अक्षरापायी गेली. कुणी विचारलं तर मी असंच सांगते, आणि लोकांना वाटतं, बाई चिडून काहीबाही बोलते. चिडलेली आहेच, पण बोलते ते खरं आहे.

मंगरूळपीरच्या पुढे, एका खेड्यातल्या सरकारी शाळेत आम्ही दोघंच होतो. मुख्याध्यापक कायमचे, मी कंत्राटी, सत्रापुरती. पटावर वीस पोरं असली तर दोन शिक्षक, एक जरी कमी झालं तर एकच. त्यातही पोरगं मोजलं जाणार ते शाळेतलं नाव आधार कार्डाशी जुळलं तरच. आमच्याकडे मोजून वीस होती, आणि पहिलीतली एक पोरगी काही केल्या जुळेना.

तिला दाखल करायला तिची आजी आली होती. नावात ध, पण आजी म्हणाली द. आमच्या वऱ्हाडात सगळेच असं बोलतात, मीही घरी बोलते. पण हातात पेन आलं की माझ्यातली मास्तरीण जागी होते. रजिस्टरात मी चांगला ठसठशीत ध काढला. शुद्धलेखनाची हौस, दुसरं काय!

आधार कार्डावर मात्र द निघाला. तो बदलायला आजीला आणि पोरीला घेऊन आधार केंद्रावर गेले. तिथला माणूस म्हणाला, जन्मदाखला आणा. आणला, तर त्यावरही द.

"आमी तं तिले पयलेपासून असंच म्हणतो मॅडम," आजी म्हणाली. "तुमीच काहून बदललं?"

काय सांगू तिला? सगळ्या कागदांवर द, एकटा माझाच ध. ध चा मा केल्यानं जीव गेला, हे मी पोरांना रंगवून सांगत असे. द चा ध केल्यानं जीव जात नाही, पोटावर पाय येतो.

मुख्याध्यापकांना म्हटलं, सर, तेवढं एक अक्षर दुरुस्त करा.

"पागल झाल्या का मॅडम? रजिस्टरात खाडाखोड केली तं माही पेन्शन अटकते. सायबाची मंजुरी लागते त्याले."

मंजुरीसाठी अर्ज दिला, तीन प्रतींत. साहेब मीटिंगला. मग साहेब रजेवर. साहेब आले, तर अर्ज ठेवून घेणारा बाबूच बदलून गेलेला. शाळा सुटली की मिळेल त्या ऑटोनं चकरा मारायच्या, आणि 'उद्या या' ऐकून परत यायचं. इतका संताप यायचा की घरी आल्यावर कुणाशी धड बोलत नसे. इकडे ती पोरगी रोज पहिल्या रांगेत बसून पाढे म्हणत होती, खिचडी दोनदा मागून खात होती, आणि सरकारच्या लेखी ती नव्हतीच. नावं जुळवायची मुदत संपली. पट एकोणीस.

माझ्या शेवटच्या दिवशी शाळेची माहिती ऑनलाइन भरायची होती. सरांना ते जमत नाही, ती कामं माझ्याच गळ्यात. "तेवढं करून जा ना मॅडम," ते खाली पाहत म्हणाले. माणूस वाईट नाही, म्हणून तर भांडताही येईना.

ओटीपी त्यांच्या मोबाइलवर आला. त्यांनी एकेक आकडा वाचला, मी टाकला. शिक्षकांच्या यादीत माझ्या नावासमोर 'काढा' असं बटण होतं. ते दाबलं. खाली अक्षरं आली, 'आपली खात्री आहे का?'

मी थांबले.

"हो करा मॅडम," सर म्हणाले, "नाही तं पुन्हा सगळं भरा लागते."

मी हो केलं.