पौर्णिमेची मुलाखत

"रुद्र म्हणून दाखव," अध्यक्ष तिसऱ्यांदा म्हणाले.

"आज म्हणता येत नाही, साहेब," मंदारनेही तिसऱ्यांदा तेवढ्याच नम्रपणे सांगितलं.

हिंगोलीतल्या एका देवस्थान ट्रस्टची मी ऑफिस सेक्रेटरी. पुरोहित होण्यासाठी वेदपाठशाळेत शिकणाऱ्या मुलांना आमचा ट्रस्ट स्कॉलरशिप देतो. तिथलं शिक्षण तोंडी, मार्कशीट नसते. म्हणून कमिटी दरवर्षी रुद्रासारख्या वेदमंत्रांचं पाठांतर ऐकून मंजुरी देते. यंदा अर्ज एकट्या मंदारचा होता, आणि दिवस अध्यक्षांनी स्वतः निवडला होता. पौर्णिमा. शुभ म्हणून.

पौर्णिमेला वेदाच्या विद्यार्थ्यांना अनध्याय असतो. म्हणजे त्या दिवशी वेद शिकायचे नाहीत, शिकवायचे नाहीत आणि परीक्षाही द्यायची नाही. माझ्या चेकलिस्टमध्ये पंखा, पाणी, पेनं, चहा सगळं होतं, तिथी नव्हती. पण मी ऑफिसची बाई. कमिटीत धर्माचे पाच जाणकार होते. त्यांनाही हे परीक्षार्थीकडूनच कळलं.

"पाठ नसंल," कमिटीतले निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले. "तिथीचं निमित्त करून राहिला. नामंजूर लिहा."

मी फाइल आणायच्या निमित्ताने बाहेर आले. बाकावर कुरुंद्याहून आलेला मंदारचा मामा बसला होता. बहीण गेल्यावर भाच्याला त्यानंच सांभाळलं.

"मॅडम, स्कॉलरशिप गेली तर पाठशाळा सुटली. मोबाईलच्या दुकानात त्याच्या कामाचं बोलून ठेवलंय मी. सहा वर्षं शिकलं लेकरू, दोनच ऱ्हायली. पर मला आता झेपत न्हाई."

"आजच्या दिवस म्हण म्हणून तुम्ही सांगून बघा ना."

"काहून सांगू? नियम मोडायलाच शिकवायचं तर दुकान काय वाईट हाय?"

मी मंदारला बाहेर बोलावून बाजूला घेतलं. "आज अभिषेक सांगता येतो का?"

"येतो की. अनध्याय शिकण्याला असतो, पूजेला नसतो."

"अभिषेकात काय म्हणतोस?"

"रुद्रच."

मी आत जाऊन अध्यक्षांना म्हटलं, "पौर्णिमा आहे, आवारातल्या महादेवाला अभिषेक करू या का? यजमान तुम्ही."

"व्हय, मी तेच सुचवणार होतो," अध्यक्ष म्हणाले.

लगेच यादी केली: दूध, दही, तूप, मध, साखर, बेल, अध्यक्षांच्या मापाचं सोवळं. शेवटच्या वस्तूला सगळ्यात जास्त वेळ लागला.

मंदार म्हणू लागला. अध्यक्ष पिंडीवर धार धरून बसले. मुख्याध्यापक मागे पुस्तक उघडून बोट फिरवत होते. मध्येच त्यांनी हात वर केला. "सोडलं यानं. बराबर दोन पानं गाळली."

मंदारनं न थांबता पुस्तकाकडे पाहिलं आणि बोटानं खूण केली: पान मागे घ्या. मुख्याध्यापकांनीच दोन पानं एकदम उलटली होती. त्यानंतर पुस्तक मिटलेलं राहिलं.

पुढच्या दोन्ही वर्षांची स्कॉलरशिप तिथेच, प्रसाद खाता खाता, मंजूर झाली. मामानं दुकानवाल्याला फोन लावला. "पोरगं येत न्हाई," एवढंच सांगून ठेवला.

मिनिट्समध्ये मी लिहिलं, 'अध्यक्षांच्या दूरदृष्टीमुळे मुलाखत शास्त्रोक्त पद्धतीने पार पडली.' त्यांनी वाचून, मान डोलावून सही केली.

परीक्षकाला विषय थोडाफार यावा, असं मला आधी वाटायचं. आता वाटत नाही. त्याला नुसती श्रेय घ्यायची हौस असली, तरी मुलाचं काम होतं.