डावीकडचा ब्रेक

या जगात वेळेवर ब्रेक दाबणारा एकच माणूस जन्माला आला आणि तो म्हणजे आमचे मास्तर. हे माझं मत नाही, मास्तरांचं आहे. बाकी आपण सगळे उशिरा दाबतो. काहीजण थोडा उशिरा, काहीजण फार उशिरा, आणि रिक्षावाले तर दाबतच नाहीत. कोपरखैरण्यात आज जे लोक ऐटीत गाड्या फिरवतात त्यांतल्या निम्म्यांना तरी मास्तरांनी शिकवलेलं आहे, आणि त्यांच्यापैकी कुणीही समोरून गाडी घेऊन आला की मास्तर फुटपाथवर थबकून दुःखाने मान हलवतात. गाडी निघून गेली की शेजारी जो कोणी उभा असेल त्याला सांगतात, "माझाच हाय. पन मी याला असा नव्हता शिकवला."

मास्तर मूळचे बोनकोड्याचे. गावाभोवती शहर उभं राहिलं, शहरात गाड्या आल्या आणि गाड्या आल्या म्हणजे त्या कुणीतरी शिकवायला हव्यात, एवढ्या सरळ हिशोबाने त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल काढलं. माझी बेलापूरच्या ऑफिसात बदली झाली तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर मी त्यांच्याकडे शिकायला गेले. पहिल्या दिवशी गाडी चालवायला मिळेल या आशेने मी नवीन सँडल घालून गेले होते. मास्तरांनी आधी सँडल काढायला लावले आणि मग गाडीची चावी स्वतःच्या खिशात टाकली. अख्खा तास मी बंद गाडीत बसून नुसता ब्रेक दाबला. दाबा, सोडा, दाबा, सोडा. शेवटी त्यांनी माझ्या पावलाकडे निरखून बघितलं आणि विचारलं, "मॅडम, हा पाय तुमचाच हाय का शेजारनीचा घेऊन आलात?" मी ऑफिसात चार माणसांना दटावणारी बाई, पण त्या दिवशी घरी येऊन मुकाट्याने कुकर लावला.

शिकवण्याच्या गाडीत डावीकडच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, मास्तरांचा. शिकणाऱ्याचं चुकलं की तो दाबायचा. तीसेक वर्षं तो दाबून दाबून मास्तरांचा उजवा पाय मास्तरांचा राहिलाच नाही. तो आपल्या मनाने चालतो. रिक्षात बसले की दर वळणावर खाली दण्ण. घरी सोफ्यावर क्रिकेट बघताना फलंदाज दुसऱ्या रनसाठी पळाला की दण्ण. माझ्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती, मास्तर घरचे म्हणून बसले होते. मुलाचे काका हॉल, जेवण, बँड असं करत भलतेच वेगात निघाले, तेव्हा मास्तरांचा पाय फरशीवर असा काही आदळला की काका दचकून गप्पच झाले आणि लग्न साधेपणाने पार पडलं. त्या पायाचे उपकार मी अजून मानते. एरवी मात्र त्याने मला फार छळलं. माझ्या स्वतःच्या गाडीत डावीकडे कसला आलाय ब्रेक? पण मास्तर शेजारी बसले की सिग्नल अजून लांब असतानाच तो पाय दाणकन मॅटवर पडायचा. मॅटला भोक पडलं. हा पाय एक दिवस तरी गप्प बसू दे, अशी मी कैकदा मनातल्या मनात प्रार्थना केली आहे. मास्तरांच्या बायको, म्हणजे काकू, यांची तक्रार तर त्याहून जुनी. "लगीन झाल्यापासून यांनी मला कदी 'चल' बोललं नाय. 'थांब', 'थांब' आनी 'बघून'. मी काय ट्रक हाय?"

मास्तरांचं आणखी एक तत्त्व म्हणजे हॉर्न. हॉर्न वाजवणं म्हणजे आपलं लक्ष नव्हतं याची जाहीर कबुली, असं ते मानतात. त्यांच्या गाडीचा हॉर्न एकदा बिघडला, तो दुरुस्त करायला गॅरेजवाला मागे लागला, तेव्हा बिघडल्याचं यांना ठाऊकच नव्हतं. शिवाय कुठल्याही वाहनात बसण्याआधी त्याला एक फेरी मारायची, चारही चाकं बघायची, खाली वाकून तेल गळतंय का ते बघायचं. हे आपल्या गाडीचं ठीक आहे. मास्तर रिक्षालाही प्रदक्षिणा घालतात. दोन रिक्षावाले तर त्यांची फेरी पूर्ण व्हायच्या आत निघून गेले. मास्तर म्हणाले, "बरा झाला. घाईचा मानूस."

अशा माणसाच्या डोळ्यांना काचबिंदू व्हावा, याला काय म्हणायचं! समोरचं स्वच्छ दिसतं, पण बाजूचं गेलं, त्यातही डावीकडचं जास्त. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली. लायसन संपत आलं होतंच. एक एजंट घरी येऊन म्हणाला, "मास्तर, टेन्शन कशाला घेता? डॉक्टरचं सर्टिफिकेट मी आणतो, तुमी फक्त फोटो द्या." मास्तरांनी आयुष्यात एकाही विद्यार्थ्याला एजंटाकडून पास करवला नव्हता. त्यांनी त्याला चहा दिला, दारापर्यंत सोडला आणि पुन्हा येऊ नको म्हणून सांगितलं. मग महिन्याभरात गाडी विकली, स्कूलचा बोर्ड उतरवला. कुणाला वाटेल, मोठा शांत माणूस. मलाही वाटलं. पण एका रविवारी सकाळी मास्तर आमच्या दारात उभे राहिले. हातात मोबाइल आणि मोबाइलवर डोंगरातल्या रस्त्यावर उड्या मारणाऱ्या, चार जाडजूड चाकांच्या मोटरसायकली. एटीव्ही म्हणतात त्यांना. पनवेलच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी कुणीतरी त्या भाड्याने देतं, पुढे गाईड असतो आणि रस्ता त्यांच्याच जागेतला, म्हणून लायसन लागत नाही.

"मॅडम, तुमी मला तिथं घेऊन चला."

मी म्हटलं, "मास्तर, तुमचे डोळे? आणि हे वय आहे का?"

मास्तर आत आले, बसले आणि खाली बघत म्हणाले, "मी शेवटची गाडी कदी चालवली ते मला आठवत नाय. दूध आनायला गेलो होतो का गॅरेजला सोडायला, काय म्हाईत. तवा कुटं ठाऊक होता ती शेवटची हाय. आनी तसा बगायला गेला तर मी गाडी चालवलीच कवा? सगला जल्म डावीकडं बसलो. आठवल अशी एकदा चालवायची हाय. बस."

मी पाणी आणायला उठले. तेवढ्यात त्यांच्या मागोमाग काकूही आल्या, मास्तरांना समजवायला असतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "ताई, तुमी पाठी बसा. डावीकडं काय आला का त्यांच्या डाव्या खांद्यावर हात मारा. जोरात मारा. माज्या वाटचा पन मारा."

आम्ही गेलो. हिवाळ्याचे दिवस, डोंगरावरचं गवत पिवळं पडलेलं, लाल धुळीचा रस्ता वर चढत गेलेला. गाईड तिशीतला, गळ्यात शिटी, तिथल्याच गावचा. त्याने हेल्मेटं दिली आणि म्हणाला, "चला काका, बसा." मास्तर बसतात होय! त्यांनी मशीनला फेरी मारली. मग शेजारच्या मशीनला मारली. मग तिसरं मशीन पसंत केलं. आणि मग, ज्या कारणासाठी आम्ही इतक्या लांब आलो होतो, नेमकं त्याच कारणावरून त्या गाईडला धरलं. "तू लायसन का नाय बगत? कोनीपन येल आनी चालवल?" गाईड म्हणाला, "काका, इकडे लागत नाही लायसन." "लागत नाय म्हंजे? बगायला पायजे!" मी मास्तरांना बाजूला घेऊन विचारलं की आपल्याला परत जायचं आहे का. तेव्हा कुठे ते निवळले. मग त्यांनी स्वतःहून गाईडला सांगितलं, "मला बाजूचा दिसत नाय. या मॅडम दाखवतील." गाईडने माझ्याकडे पाहिलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "मग मी लांबची दरीची वाट नाही घेत. रुंद रस्त्यानेच जाऊ, टेकडीच्या माथ्यापर्यंत. मी शिटी मारली की थांबायचं. आणि हे बघा, रेस अंगठ्याने द्यायची."

"अंगठ्यानं? गाडी हाय का मोबाइल?"

सगळं समजून घेतल्यावर मास्तरांनी शेवटचा प्रश्न विचारला, "पाठीमागच्याला ब्रेक कुटं हाय?"

"पाठीमागच्याने फक्त घट्ट धरून बसायचं, काका."

मास्तरांनी वळून माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात खरोखरची दया होती.

निघालो. पहिला अर्धा रस्ता मास्तरांनी असा काही चालवला की एक म्हैस आमच्या शेजारून चालत होती आणि ती पुढे गेली. गाईड पुढे जायचा, थांबायचा, ओरडायचा, "काका, जरा अंगठा दाबा!" दर वळणाआधी मास्तर उजवा हात बाहेर काढून इशारा देत होते. मागे कोणी नाही, पुढे तो गाईड आणि ती म्हैस. दोघांनाही इशारा कळला नाही. पण हळूहळू मशीन त्यांच्या हाताखाली आलं. चढ सुरू झाला, रस्ता मोकळा झाला आणि मास्तरांनी अंगठा दाबला. धूळ उडाली, माझी ओढणी उडाली. तेवढ्यात पुढून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं, इंजिनात काही अडकलं. मास्तर हसत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना मोठ्याने हसताना ऐकलंच नव्हतं. आणि माझा उजवा पाय? तो खालच्या पट्टीवर दण्णदण्ण पडत होता. वाऱ्यातून मास्तर ओरडले, "मॅडम, पाय उचला! मी हाय ना!"

याच आनंदात डावीकडचा दगड आला. रस्त्यावर उतरलेला, चांगला गुडघाभर उंच. मी खांद्यावर हात मारला, पुन्हा मारला, काकूंच्या वाटचाही मारला. मास्तरांना माझा हात कळला असेल, पण ते हसण्यात होते. डावं चाक दगडावर चढलं, मशीन कलंडायला लागलं, मी किंचाळले. पुढच्या क्षणी मास्तरांनी ब्रेक दाबला. आम्ही एका बाजूला झुकलेले, पण जागच्या जागी. शिटी वाजवत गाईड पळत आला, त्याने रेटून चाक खाली घेतलं. कोणालाच काही लागलं नव्हतं. इंजिन बंद झालं होतं आणि मास्तर दगडाकडे मान पूर्ण वळवून बघत होते.

"मला दिसला नाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "तुमी हात मारलात. मी उशीर केला."

मास्तर! उशीर! मला रडूच यायला लागलं. गाईड समजुतीने म्हणाला, "काका, आता मी चालवतो. एकेकाला मागे बसवून खाली सोडतो."

"नाय," मास्तर म्हणाले. आवाज चढला नाही, पण मुलाच्या काकांना गप्प बसवणारा पाय ज्या माणसाचा होता, त्याच माणसाचा तो आवाज होता. "माथ्यापर्यंत बोललो होतो. माथ्यापर्यंत मीच नेनार. मॅडम, हात खांद्यावरनं काढू नका आता."

मी काढला नाही. पुढचा सगळा चढ माझा हात त्या खांद्यावर होता. बोट दाबलं की ते उजवीकडे घ्यायचे, सोडलं की सरळ. ते हसले नाहीत, इशारे मात्र दिले. माथ्यावर सपाट जागा होती, खाली गावं, शेतं आणि लांब धुरकट आमचं शहर. मास्तरांनी मशीन हळू वळवलं, दोन दगडांच्या मधोमध सरळ उभं केलं, पुढची चाकं नीट सरळ केली, इंजिन बंद केलं. नसलेल्या आरशात एकदा उजवीकडे बघितलं, एकदा डावीकडे. मग उतरले, मशीनला एक फेरी मारली आणि चावी माझ्या हातात दिली.

"झाली," म्हणाले. "ही आठवल. उतरताना तुमी घ्या."

उतरताना मी घेतली. मला माझीच इतकी भीती होती की मागे कोण काय करतंय हे बघायला सवड नव्हती. खाली पोचल्यावर गाईड म्हणाला, "ताई, मस्त चालवलीत. कुठे शिकलात?" मी मास्तरांकडे बोट दाखवलं. मास्तरांनी मान हलवली, पण त्या दिवशी 'असा नव्हता शिकवला' म्हणाले नाहीत.

परत येताना मास्तर माझ्या शेजारी डावीकडे बसले होते, धुळीने लालभडक झालेले. हायवे गेला, बेलापूरचा पूल गेला, पाम बीचचा रस्ता लागला. काहीतरी चुकतंय असं मला सारखं वाटत होतं आणि काय ते कळत नव्हतं. पहिल्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा कळलं. गाडीत आवाजच नव्हता. मास्तर डोळे मिटून, मान टेकून बसले होते आणि तो उजवा पाय मॅटवर, त्या भोकाशेजारी, नुसता ठेवलेला होता. इतकी वर्षं मी हेच मागत होते, आणि मला ते मुळीच आवडलं नाही. पुढचा सिग्नल लाल दिसला, तेव्हा मी मुद्दाम तशीच पुढे गेले. म्हटलं, आता तरी तो पाय पडेल. अगदी शेवटी ब्रेक मारला. गाडी पांढऱ्या पट्टीवर जाऊन थांबली.

"उशिरा दाबलात, मॅडम," मास्तर म्हणाले. डोळे मिटलेलेच होते. पाय मात्र हलला नाही.