डायव्हर मामांची हळद

गंगाखेड–राणीसावरगाव गाडीवर मी कंडक्टर आहे. माझं तोंड फटकळ, डेपोत कुणालाही विचारा. पण तीन वर्षांपूर्वी शौचातून रक्त जायला लागलं, तेव्हा त्याच तोंडाला कुलूप लागलं. परभणीच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. मोठ्या आतड्याला सूज होती, जखमा होत्या. म्हणाले, हा आजार वर्षानुवर्षं सोबत राहतो, गोळ्या रोज घ्यायच्या.

आता सांगा, बाईमाणसानं हे कुणाला सांगावं? गाडी उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकली की पोटात कळ यायची आणि मी घामाघूम व्हायची. शेवटी माझ्या गाडीच्या डायव्हरांनीच ओळखलं. सगळा डेपो त्यांना मामा म्हणतो. काही न विचारता ते रस्त्यातल्या एका ओळखीच्या, संडास असलेल्या घरापुढं गाडी उभी करायला लागले. "इंजिन तापलंय," असं प्रवाशांना सांगायचे. भर थंडीत!

पण आपल्या लोकांपासून काही लपतं होय? पुढच्या सीटवरच्या एका आजीला सुगावा लागला आणि गाडीचा दवाखाना झाला. कुणी बेलाचा मुरंबा आणला, कुणी डाळिंबाची साल, कुणी ताकाची बाटली. मामांनी आपल्या शेतातली हळद आणली. "दुधातून घ्या ताई, मिरपूड टाकून." नको म्हणावं तर माणसं दुखावतात, म्हणून मी सगळं घेतलं. दोन महिन्यांत रक्त थांबलं. मग मी गोळ्यांचं पाकीट मामांना दाखवून तोऱ्यात म्हटलं, "आता हे बंद. तुमची हळदच बास." मामा लय खूश झाले.

पुढच्याच महिन्यात दुखणं दुपटीनं उलटलं. उभं राहवेना. नवरा कामाला पुण्यात, म्हणून मामाच मला परभणीला घेऊन गेले.

डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या रोज चालू आहेत ना?"

मी "हो" म्हटलं. रागावतील म्हणून! चाळिशीची बाई, शाळकरी पोरीसारखी खोटं बोलले.

डॉक्टर गंभीर झाले. "गोळ्या घेऊनही एवढं वाढलं असेल, तर त्या लागू पडत नाहीत. कदाचित मोठं आतडं काढावं लागेल."

आतडं काढायची वेळ आली, तरी मी खोटं धरूनच बसले. दाराशी उभे असलेले मामा पुढं आले.

"साहेब, ताईंनी गोळ्या सोडल्यात. माझी हळद खायल्यात. चूक माझी हाय."

डॉक्टर चिडले, पण माझ्यावर. मग दोघांनाही बसवून समजावलं. आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात आणि या आजारात त्यांची घडी विसकटते. हळदीतल्या, डाळिंबाच्या सालीतल्या द्रव्यांवर अभ्यास चालू आहे. हे जिवाणू त्या द्रव्यांचं रूप बदलतात, त्यातून सूज उतरायला मदत होत असावी. गोळ्यांच्या जोडीला हळदीनं काहींना गुण येतो. "पण गोळ्यांच्या जागी नाही, आणि मला विचारल्याशिवाय तर मुळीच नाही."

मग काही दिवस सलाइन, इंजेक्शनं आणि परत गोळ्या. रक्त थांबलं आणि ऑपरेशन टळलं.

दीड महिन्यानं ड्युटीवर गेले, तर मामा धड बोलेनात, नजरेला नजर देईनात. माझं डोकं सटकलं. "मामा, मी काय घोडं मारलंय तुमचं?"

ते स्टीअरिंगकडं बघत म्हणाले, "ताई, तवापासून घरात कालवणाला हळद पडली की मला घास उतरत न्हाई. वाटतं, म्या तुमाला मारायलो होतो की काय."

अरे देवा! खोटं मी बोलले, आतडं माझं वाचलं, आणि शिक्षा हा माणूस भोगत होता. दीड महिन्यात एक फोन करून दोन शब्द सांगावेत, एवढंही मला सुचलं नव्हतं.

"मामा, तुमी त्या दिवशी बोललात म्हणून मी आज अख्खी हाय," एवढंच म्हणता आलं, आणि भर स्टँडवर, सगळ्या प्रवाशांपुढं मला रडू फुटलं.