भोजराज एजंटचा पिक्चर

आमच्या दिघोरीच्या भोजराजले सिनेमा काढायची काही गरज नव्हती बापा. एजंट म्हणून त्याचं मस्त चालू होतं. दिवाळी झाली का आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, मंडईले नाटक लागते, अन् नाटकाले कलाकार. ऐन वेळेवर नटी आजारी पडली का कंपनीवाले भोजराजलेच फोन लावत अन् हा दुसरी उभी करे. मी ऑर्गन वाजवतो. मलेही कामं त्यानंच दिली.

मंग एका दिवाळीले कौशल्याबाईले कोणी बोलावलंच नाही. कायम नायिका केलेली बाई, जिच्या गाण्यासाठी लोकं दुसऱ्या तालुक्यातून येत. भोजराजनं साऱ्या कंपन्यांले विचारलं. "आता वय दिसते तिचं," एवढंच उत्तर. हा असा चिडला का एजंटगिरीच सोडली. म्हणे, "मी पिक्चर काढतो. हिरोईन कौशल्याबाईच." मले वाटलं, याचं डोकं फिरलं.

नागपूरवरून कुलदीप नावाचा दिग्दर्शक आणला. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावर शूटिंग सुरू झालं. कुलदीप रोज कुरकुर करे, "दादा, तरुण मुलगी घेऊ, अजून वेळ आहे." भोजराज म्हणे, "तुले जायचं असन तं बस स्टँडवर सोडून देतो." तोंडानं असा, पण आतून घाबरून राहिला होता. मले म्हणे, "पिक्चर पडला तं माह्यं जाऊ दे. पण लोकं म्हणतीन, बाई संपली. मंग तिले कोणीच नाही बोलावणार."

पुढच्या दिवाळीले, आमच्या मंडईच्या दुपारी समाजमंदिरात पडदा लावला. कौशल्याबाई पहिल्या रांगेत पदर तोंडाशी धरून बसली. तिचं गाणं आलं, संपलं. तेवढ्यात मागून आवाज, "वन्समोर!" नाटकात गाणं आवडलं का आमची लोकं असंच थांबवतात अन् परत म्हणवून घेतात. इथंही तेच.

कुलदीप म्हणे, "अहो, हा सिनेमा आहे." ऐकतो कोण? भोजराजनं लॅपटॉपवर गाणं मागं घेतलं. पण लोकं म्हणे, "पडद्यावरची नको, बाईच पाहिजे."

बाई उठली, पडद्यासमोर उभी राहिली. रात्रीच्या नाटकाचा ऑर्गन मी ओढून आणला. अन् काय गायली! भोजराज भिंतीकडं तोंड करून रडला. मलेही रडू आलं, खोटं कायले बोलू?

मंग उरलेला पिक्चर पाहिला लोकांनी. संपल्यावर नाटक कंपनीच्या मालकानं भोजराजले दारातच गाठलं. "बाईच्या यंदाच्या तारखा दे ना."

"तिलेच विचार. मी आता एजंट नाही."

बाई बाजूलेच होती. मालकाले म्हणे, "भोजराजभाऊ दुसरा पिक्चर काढून राहिले. त्याच्यातून दिवस उरले तं सांगीन."

आपण दुसरा पिक्चर काढून राहिलो, हे भोजराजलेही तेव्हाच पहिल्यांदा समजलं.