परत मागितलेलं वाण

संक्रांतीचं वाण दारोदार फिरून परत मागणारी बाई आमच्या डोणगावात बहुधा मी एकटीच. आठवलं की अजूनही डोकं तापतं.

त्या वर्षी गाळण्या आणि प्लास्टिकचे डबे लुटायचा कंटाळा आला होता. म्हटलं, खाण्यात येईल असं काहीतरी देऊ. नेहमीच्या किराणा दुकानातून हळदीची लहान पाकिटं आणली, प्रत्येकावर ओल्या कुंकवाचं बोट लावलं आणि गल्लीतल्या बायकांना दिली.

चार दिवसांनी आम्हा शिक्षकांच्या ग्रुपवर सूचना आली. त्या हळदीच्या एका खेपेत शिशाचा पिवळा रंग सापडला होता. खाऊ नका, दुकानात परत करा. खाली खेपेचा नंबर होता. घरात उरलेलं पाकीट मी चष्मा लावून उलटंपालटं केलं. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत तोच नंबर. एवढी वर्षं पोरांना वाचायला शिकवते, पण पाकिटाची मागची बाजू कधी वाचली नव्हती. स्वतःचाच संताप आला.

पिशवी घेऊन निघाले. बायका हसल्या. एक म्हणाली, "आता हळद, उद्या कुंकूही वापस मांगसान काय बाई?" मी दात-ओठ खात हसले आणि पाकीट पिशवीत टाकलं.

खरी धास्ती शेजारच्या काकूंच्या घराची होती. त्यांची सून पंधरा दिवसांची बाळंतीण, आणि काकू तिला दोन्ही वेळा हळद घालून दूध देत. शिसं आईच्या अंगात गेलं की दुधातून बाळापर्यंत पोचतं.

"वान कोनी वापस मांगते काय, बाई? लेकराच्या घरी अपशकुन करता!"

"काकू, विष आहे ते."

"काही तरीच. पिवळीजर्द तं हाये!"

"पिवळीजर्द आहे म्हणूनच सांगते ना!" मी एवढ्या जोरात ओरडले की आतलं बाळ रडायला लागलं. "या पाकिटातली नको. दुसरी कोणतीही आणा."

काकूंनी फोडलेलं पाकीट माझ्या हातात आपटलं आणि बोलणं टाकलं.

दुकानदारानं मात्र सगळी पाकिटं हसत घेतली. "टेन्शन घेऊ नका मॅडम, कंपनीले वापस धाडतो," म्हणाला आणि बदल्यात गूळ दिला. मी त्याचे आभार मानले. आभार! ते आठवून आजही अंगाची लाही होते.

आठवड्यानं साखर आणायला गेले. गल्ल्याशेजारी पिंपात सुटी हळद होती. पलीकडे कचऱ्याच्या खोक्यात कात्रीनं कापलेली रिकामी पाकिटं. वरच्या पाकिटावर कुंकवाचं बोट. त्याखालच्यावरही. माझंच बोट.

"ही तीच हळद आहे?"

"काऊन, काय झालं मॅडम?"

"नंबर वाचला नाही का? परत पाठवणार होतात ना?"

"नंबर पाकिटाले होता," तो शांतपणे म्हणाला, जणू मीच वर्गातली ढ पोरगी. "सुट्या मालाले नंबर कुठी असते?"

पुढे मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पिंप दोन्ही हातांनी ओढलं आणि समोरच्या नालीत उपडं केलं. माणसं जमली, कोणी मोबाइल काढले. काढू द्या. अन्न-औषध खात्याच्या साहेबांकडे तक्रार करायची ती नंतर केलीच. पण पिंप भरलेलं नव्हतं. निम्मी हळद आधीच घरोघरी गेली होती, आणि कोणाच्या घरी गेली हे त्याला सांगता येत नव्हतं. यावेळी दारोदार फिरून काय दाखवणार होते मी? तशीच पळत काकूंच्या स्वयंपाकघरात शिरले.

ओट्यावर कागदाची पुडी उघडी पडली होती.

"काकू, ही हळद कुठली?"

"दुकानातलीच. तुम्हीच तं म्हनलं, पाकिटातली नको. म्हून सुटी आनली. चार दिवस झाले, तेच देऊन राह्यली."

आतल्या खोलीत सून बाळाला पाजत बसली होती. शेजारचा ग्लास मी उचलला. रिकामा होता, तळाशी पिवळा गाळ.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. "काऊन बाई," त्या म्हणाल्या, "आता हेही वापस पाह्यजे काय?"